व्हेंटॉयचा पेन ड्राइव्ह: कॉम्प्युटर सुरू होईना तेव्हा किती कामाचा?

नातेवाइकांत कुणाचाही कॉम्प्युटर बसला की फोन मला येतो. 'अरे, तो चालूच होत नाहीये' एवढंच सांगितलं जातं, पुढचं सगळं मी ओळखायचं असतं. अशा वेळी बॅगेत टाकून न्यायला मी बरीच साधनं वापरून पाहिली आहेत. विंडोजची डीव्हीडी झाली, प्रत्येक लिनक्सचा वेगळा पेन ड्राइव्ह झाला, मदरबोर्डवर खोचून बिघाडाचा कोड दाखवणारं पोस्ट कार्डही झालं. आता बॅगेत एकच गोष्ट कायम असते: व्हेंटॉय घातलेला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह. त्याचं कौतुक नेटवर पोत्यानं सापडतं. पण बंद पडलेल्या यंत्रासमोर बसल्यावर तो कुठं कामाला येतो आणि कुठं हात वर करतो, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

व्हेंटॉय हे २०२० साली आलेलं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. पूर्वी एका पेन ड्राइव्हवर एकच बूट होणारी, म्हणजे यंत्र स्वतःवरून सुरू करून देणारी प्रणाली घालता यायची. दुसरी हवी असेल तर पहिली पुसा. व्हेंटॉय एकदाच बसवायचं, म्हणजे पेन ड्राइव्हचे दोन भाग होतात. एक ३२ एमबीचा चिमुकला, त्यात व्हेंटॉय स्वतः राहतं, आणि उरलेला सगळा मोठा भाग तुमचा. त्या मोठ्या भागात आयएसओ फाइल (अख्खी बूट डिस्क एका फाइलमध्ये) नेहमीच्या फाइलसारखी कॉपी करायची, बस्स. यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की पडद्यावर सगळ्या आयएसओंची यादी येते, हवी ती निवडायची. बसवताना पेन ड्राइव्हवर असलेलं सगळं जातं, एवढं लक्षात ठेवा. नंतर व्हेंटॉयची नवी आवृत्ती घातली तर तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही.

यातली एक सोय वरून दिसत नाही. विंडोजच्या आताच्या आयएसओत इन्स्टॉल नावाची जी मुख्य फाइल असते ती बहुतेक वेळा ४ जीबीच्या वर जाते, आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. व्हेंटॉयचा मोठा भाग एक्सफॅट या नव्या पद्धतीचा असतो, त्यामुळे ही कटकट मिटते. शिवाय त्याच भागात तुमची कागदपत्रं, ड्रायव्हर, फोटो काहीही ठेवता येतं. दुरुस्तीचं साधन आणि डेटा उचलायची पिशवी एकाच जागी.

आता तो कुठं निरुपयोगी आहे ते आधी सांगतो. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल, किंवा पंखा फिरतोय पण पडदा काळाच, बोर्डाच्या कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही, तर पेन ड्राइव्ह बॅगेतच राहू द्या. यंत्र अजून पेन ड्राइव्हकडे बघण्याच्या पायरीपर्यंत पोचलेलंच नाही. बटण दाबल्यावर बोर्ड आधी स्वतःची तपासणी करतो, तिला पोस्ट म्हणतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स यांतलं काही अडलं तर गाडी तिथंच थांबते. तिथं कामाला येतात ते बोर्डावरचे छोटे दिवे (नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं त्यांच्याशेजारी छापलेली असतात), नाहीतर स्पीकर असेल तर त्याच्या शिट्ट्या. डीरॅमचा दिवा लागून राहिला तर वायर काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवायची, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवायच्या, मग एकेक पट्टी लावून बघायची. 'कॉम्प्युटर मेला' म्हणून सांगितलेल्या कित्येक यंत्रांचं दुखणं एवढ्यावरच संपतं. आणि हो, मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावलीय की बोर्डाला, तेही बघा. हसू नका.

लोगो दिसला आणि पुढे गाडी अडली, की पेन ड्राइव्ह काढायचा. इथं पहिली अडचण बूट मेन्यू उघडण्याची. कुठं एफ१२, कुठं एफ८, कुठं एफ११, एफ९ किंवा एस्केप. बटण दाबून धरण्यापेक्षा यंत्र सुरू होताच टकटक दाबत राहिलेलं बरं. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' केल्यावर यंत्र पुरतं बंद होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो. काही यंत्रं त्यामुळे इतकी घाईत सुरू होतात की बटण दाबायला उसंतच मिळत नाही. विंडोज थोडंफार तरी उघडत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, पर्यायांच्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' दिसतं, तिथून पेन ड्राइव्ह निवडा.

दुसरी अडचण सिक्युअर बूटची (ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारा पहारा), आणि नवखा माणूस घाबरतो तो इथंच. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर व्हेंटॉय पहिल्यांदा लावलं की 'व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन' असा इशारा येतो. पेन ड्राइव्ह खराब नसतो. ओके म्हणायचं, लगेच कुठलंही बटण दाबायचं, मग निळ्या पडद्यावर 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडायचं, व्हीटीओवायईएफआय नावाचा भाग उघडायचा आणि तिथली एकुलती एक सर्टिफिकेटची फाइल निवडायची. तिचं नावच 'एनरोल धिस की' असं काहीसं लांबलचक आहे, त्यामुळे चुकायला वाव नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं की व्हेंटॉय उघडतं. हे त्या यंत्रावर एकदाच करावं लागतं.

सोयीचं आहे, पण मला ते पुरतं पटत नाही. दुसऱ्याच्या यंत्रात आपण एक किल्ली कायमची ठेवून येतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मी आधी विचारतो, 'काका, यात एक बदल होणार आहे, चालेल का?' काका अर्थातच 'तू बघ रे बाबा' म्हणतात. तरी विचारतो. दुसरा मार्ग म्हणजे सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं. पण डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शनचं कुलूप, असेल तर नंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती हाताशी नसेल तर पाचावर धारण बसते. बिटलॉकर आपण कधी चालू केलंच नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बहुतेक यंत्रांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्या खात्यात जमा असते. दुसऱ्या फोनवरून खातं उघडून ती आधी लिहून घ्या, मगच बायॉसला (बोर्डातल्या मूळ सेटिंगला) हात लावा. की कुठंच सापडली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा जगातला कुठलाही पेन ड्राइव्ह काढून देणार नाही.

माझ्या यादीत तीनच आयएसओ आहेत. लोक तीस-तीस भरतात आणि ऐन वेळी कुठला घ्यावा हे त्यांनाच कळत नाही.

पहिला मेमटेस्ट८६+. रॅम तपासण्याखेरीज तो काही करत नाही. २०२२ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला आणि ६ व्या आवृत्तीपासून यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) यंत्रांवरही चालू लागला. जुन्या पेन ड्राइव्हवर ५ वी आवृत्ती पडून असेल तर बदलून घ्या. विंडोज कधी सुरू होतं, कधी मध्येच निळा पडदा येतो, प्रत्येक वेळी कोड वेगळाच, अशा यंत्रावर मी सगळ्यात आधी हाच लावतो. फेरी पुरी व्हायला रॅमप्रमाणे तास-दोन तास किंवा त्याहून जास्तही लागतात. तेवढा वेळ तिथं बसून राहायची गरज नाही. एक जरी लाल ओळ आली तरी रॅमवर (किंवा तिला नेमल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणाऱ्या बायॉसमधल्या सेटिंगवर) संशय पक्का. मग विंडोज दहा वेळा नव्यानं घातलं तरी उपयोग नाही.

दुसरा सिस्टमरेस्क्यू. पूर्वी याला सिस्टमरेस्क्यूसीडी म्हणायचे, आता तो आर्च लिनक्सवर उभा आहे. सुरू झाला की नुसता काळा पडदा आणि आज्ञा द्यायची जागा. 'स्टार्टएक्स' टाइप केलं की खिडक्या, माउस सगळं येतं. दिसायला रुक्ष आहे, पण आतली हत्यारं अस्सल आहेत: विभाग दाखवणारं जीपार्टेड, उडालेलं पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क, मरणपंथाला लागलेल्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू. आणि माझं लाडकं स्मार्टसीटीएल. ते डिस्कलाच तिची तब्येत विचारतं. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब वा संशयित कप्पे) या ओळींपुढे शून्याऐवजी आकडे वाढत चाललेले दिसले, की दुरुस्तीचा विषय सोडून आधी डेटा उचलायचा. वरती मोठ्या अक्षरात 'पास्ड' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. सेक्टर मरत असतानाही पास्ड दिसू शकतं.

इथंच मला विंडोजच्या घरच्या औषधांबद्दल बोलायचंय. यंत्र लागोपाठ दोनदा सुरू होता होता कोलमडलं की तिसऱ्या वेळी विंडोज आपणहून रिकव्हरीच्या पडद्यावर नेतं आणि स्टार्टअप रिपेअर चालवतं. ते बघतं ते बूट होण्याशी संबंधित गोष्टी: बूटच्या फाइल्स, बीसीडी नावाची नोंदवही, फाइल सिस्टमची गडबड. बिघाड तिथं असेल तर सुरेख काम करतं. बिघाड दुसरीकडे असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यात डिस्क मरायला टेकलेली असेल तर चेकडिस्कसारखी दुरुस्ती तिच्यावर तासन्‌तास लिहीत-वाचत बसते आणि उरलेला जीवही घालवते. म्हणून आधी बाहेरून बूट करून डिस्क बघायची, फाइल्स उचलायच्या, आणि मग विंडोजला काय करायचं ते करू द्यायचं. लिनक्सनं कधी कधी 'विंडोज झोपलेलं आहे' म्हणून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, तर कुरकुर करू नका. फास्ट स्टार्टअपमुळे तसं होतं. आपल्याला वाचायचंच आहे.

तिसरा आयएसओ विंडोजचाच, थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेला. इन्स्टॉल करायला तो क्वचितच लागतो. डिस्कवरचं रिकव्हरीचं पार्टिशनच उडालं असेल तर दुरुस्तीचा पर्याय इथून उघडता येतो, किंवा पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांड प्रॉम्प्ट हजर. 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणणाऱ्या धडधाकट डिस्कवर मी तिथून डिस्कपार्ट हे विभाग हाताळायचं साधन उघडतो, लिस्ट व्हॉल्यूम बघतो आणि फॅट३२चा तो शंभरेक एमबीचा छोटा भाग शोधून त्याला एस असं अक्षर देतो. मग बीसीडीबूट या आज्ञेला विंडोजचं फोल्डर आणि एस हे अक्षर दिलं की बूटच्या फाइल्स नव्यानं लिहिल्या जातात. एक गोम आहे. इथं सी म्हणजे तुमचं विंडोज असेलच असं नाही, अक्षरं बदललेली असतात. आधी डायरेक्टरी उघडून विंडोज आणि यूजर्स ही फोल्डरं डोळ्यांनी बघा.

बाहेरून बूट करता येणं किती मोलाचं, ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जवळपास ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. उपाय होता एक फाइल पुसण्याचा, पण ती पुसायला यंत्रात शिरायचं कसं? सेफ मोडमधून किंवा रिकव्हरीतून, तेही एकेका यंत्रापाशी जाऊन, आणि बऱ्याच ठिकाणी बिटलॉकरची की शोधून. त्या वेळी मायक्रोसॉफ्टनंही पेन ड्राइव्हवरून चालणारं साधनच दिलं होतं.

या पेन ड्राइव्हनं एकदा मला नवल वाटावं असं निदान काढून दिलं. आत्याचा जोडून घेतलेला डेस्कटॉप बरेच महिने प्लगमधून काढून ठेवलेला होता. सुरू केला की लोगो येई, गोल फिरे, निळा पडदा 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणे, आणि मग स्टार्टअप रिपेअर 'दुरुस्त करता आलं नाही' म्हणून थांबे. आतेभावानं निकाल देऊन टाकला होता: हार्ड डिस्क गेली, नवी घ्या, जुने फोटो विसरा. सिस्टमरेस्क्यू लावला तर डिस्क ठणठणीत. सेक्टर सगळे जागेवर, यूजर्सचं फोल्डर उघडतंय, आत्याचे फोटो दिसतायत. ते आधी पेन ड्राइव्हवर घेतले. मग डिस्क चांगली, फाइल्स चांगल्या, तर माशी शिंकली कुठं?

पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. साल कित्येक वर्षं मागचं दाखवत होतं. म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. प्लग काढल्यावर बायॉसची स्मृती टिकवायला दुसरं काही उरलं नव्हतं आणि सगळी सेटिंग कारखान्यातून निघताना होती तशी झाली होती. डिस्कशी बोलायच्या पद्धतीचे बायॉसमध्ये दोन मोड होते, रेड (आरएआयडी) आणि एएचसीआय; यंत्र जोडणाऱ्यानं मोड रेड ठेवून त्यावर विंडोज घातलेलं असणार, आणि आता बोर्ड एएचसीआयवर आला होता. विंडोज ज्या ड्रायव्हरनं डिस्क उघडायला शिकलं होतं तो मोडच बदलला, मग डिस्क समोर असून त्याला दिसेना. रिकव्हरीकडे दोन्हींचे ड्रायव्हर असल्यानं ती मात्र बिनतक्रार चालत होती, आणि तिला दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नव्हतं. सेल बदलला, मोड रेड केला, तारीख लावली. विंडोज असं उघडलं जणू काही झालंच नव्हतं. आत्यानं आतेभावाकडे नुसतं पाहिलं.

घड्याळाची ही खूण मी आता प्रत्येक यंत्रावर आधी बघतो. त्यासाठी पेन ड्राइव्हचीही गरज नाही, बायॉसच्या पहिल्याच पानावर तारीख असते.

तक्रारी आहेतच. व्हेंटॉयच्या उगमसंहितेत (सोर्स कोडमध्ये) काही तयार बायनरी फाइल्स तशाच ठेवलेल्या आहेत, त्या कशा तयार झाल्या हे बाहेरच्याला सहज पडताळता येत नाही, यावरून जाणकारांत बरीच नाराजी आहे आणि ती मला रास्त वाटते. यंत्राची सगळ्यात पहिली पायरी ज्याच्या हातात द्यायची ते सॉफ्टवेअर अगदी पारदर्शक असायला हवं. घरगुती दुरुस्तीला मी वापरतो, ऑफिसच्या यंत्रांना ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय लावणार नाही. शिवाय प्रत्येक आयएसओ प्रत्येक यंत्रावर चालतोच असं नाही. निवडल्यावर व्हेंटॉय नॉर्मल मोड की ग्रब२ मोड, म्हणजे सुरू करायच्या दोन पद्धतींपैकी कुठली, असं विचारतं. नॉर्मलनं अडलं तर ग्रब२ करून बघायचं, एवढंच आपल्या हातात. एका नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या आयएसओला डिस्कच दिसेना, आणि मालक घामाघूम. तिथं डिस्क इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे होती. इन्स्टॉलरला तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. व्हेंटॉयचा त्यात दोष नाही, पण ड्रायव्हरचं फोल्डर पेन ड्राइव्हवर आधीच ठेवलेलं असलं की अशा वेळी हात बांधलेले राहत नाहीत.

ज्यांना हे सगळं वाचून धाप लागली त्यांनी व्हेंटॉयच्या भानगडीत पडू नये. यंत्र धडधाकट असतानाच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं साधा विंडोजचा पेन ड्राइव्ह करून ठेवा आणि बिटलॉकरची की कागदावर उतरवा. निम्म्या प्रसंगांना तेवढं पुरतं. माझ्याकडेही असा एक साधा पेन ड्राइव्ह जोडीला असतोच, कारण व्हेंटॉयला दाद न देणारं यंत्र कधीतरी भेटतंच.

घ्यायचाच असेल तर यूएसबी ३चा, वेगवान लिहिणारा घ्या. जाहिरातीत कुणीतरी वाटलेल्या फुकट्या पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू उघडेपर्यंत मालक दोनदा विचारतो, 'अडकलं का हे पण?' आणि अगदी जुन्या यंत्राला तो निळ्या पोर्टमध्ये दिसला नाही तर मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावून बघा.